नमुने तयार, पण आणणार कोण?

मंगळावरील ‘जेझेरो’ विवराचे नाव बोस्नियातील एका लहान गावावरून ठेवले आहे; तेथील भाषेत या शब्दाचा अर्थ ‘सरोवर’ असा आहे. उल्काघाताने निर्माण झालेल्या, सुमारे ४५ किलोमीटर व्यासाच्या या विवरात साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी खरोखरच पाणी होते. म्हणूनच प्राचीन जीवसृष्टीच्या खुणा शोधण्यासाठी अमेरिकेच्या ‘नासा’ने फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘पर्सिव्हिअरन्स’ ही गाडी तेथे उतरविली.

तिचे श्रम वाया गेले नाहीत. विवरात येणाऱ्या प्राचीन नदीच्या दरीत जुलै २०२४ मध्ये तिने एका खडकाचा नमुना घेतला. त्या खडकात सेंद्रिय कार्बन आणि लोहयुक्त खनिजांचे ठिपके आढळले. पृथ्वीवर अशी खनिजे पुष्कळदा सूक्ष्मजीवांमुळे बनतात. परंतु जीवाविनाही ती बनू शकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाने या खुणांना ‘संभाव्य’ एवढेच म्हटले, ते योग्यच होय. निर्णय पृथ्वीवरील प्रयोगशाळाच देऊ शकतील.

आपल्या लोणारचा दाखला येथे बोलका आहे. ते सरोवर ज्वालामुखीचे की उल्काघाताचे, हा वाद दीर्घकाळ चालला. तेथील खडकांत आघाताने पालटलेली खनिजे प्रयोगशाळेत ओळखली गेली, तेव्हा तो निकालात निघाला.

जेझेरोचे खडक मात्र नळ्यांत बंद पडून आहेत. ते आणण्याचा खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत जाईल आणि २०४० साल उजाडेल, असे २०२४ मध्ये नासानेच मान्य केले. २०२५ मध्ये सरकारने योजना रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. जानेवारी २०२६ मध्ये काँग्रेसनेही तिच्या प्रचलित स्वरूपाला पाठिंबा नाकारला.

एका योजनेपायी इतर मोहिमांची उपासमार होऊ नये, हा युक्तिवाद रास्त आहे. परंतु महाग मार्ग सोडणे निराळे आणि उद्दिष्टच सोडणे निराळे. चीनचे ‘त्यानवेन-३’ यान २०२८ च्या सुमारास निघून मंगळाची माती आणील आणि पहिलेपणाचा मान कदाचित मिळवील. पण जेझेरोतील नळ्या आणणे हे त्याचे काम नव्हे. प्रश्न जेथे उभा राहिला, तेथलाच दगड उत्तर देऊ शकतो. स्वस्त मार्ग अवश्य शोधावा. मात्र तो शोधण्याचे कामच थांबले, तर आजवरचा खर्चही वाया गेला असेच म्हणावे लागेल.