फुटक्या बांधाचा दोष शेतकऱ्याला?

रायगडच्या किनाऱ्यावरची घरची शेती का संपत चालली, असे विचारले की ठरलेले उत्तर येते: परवडत नाही, पोरांना चिखलात उतरायचे नाही, जमिनीला भाव आला, लोकांनी आपखुशीने विकली. एकपिकी भातावर आज घर चालत नाही, हे खरेच आहे. पण ‘आपखुशीने’ मला मान्य नाही.

अलिबाग-पेणच्या खारेपाटातली जमीन आयती मिळालेली नाही. पिढ्यांनी ती समुद्राकडून मिळवली. भरती अडवणारा मातीचा बांध आणि ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडणारी उघाडी यांवर ती तगते. पूर्वी गाव जमून बांध राखी. पुढे १९४८ मध्ये, आणि पुन्हा १९७९ मध्ये, कायदे करून सरकारने त्यात हात घातला. आता उधाणाने खांड पडते, दुरुस्ती रेंगाळते, खारे पाणी शिरते, भात जातो आणि काही वर्षांत शेतात कांदळवन उभे राहते. उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून ते तोडता येत नाही, आणि तोडूही नये. पण सातबारा ज्याच्या नावावर, त्याचा नांगर बांधावरच अडतो. मग दलाल येतो, ‘नापीक जमिनीला एवढे कोण देणार?’ म्हणतो. ही खुशी?

माती नकोशी झाली म्हणणाऱ्यांनी अलिबाग तालुक्यातल्या चरीचा शेतकरी संप आठवावा. १९३३ ते १९३९ नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची शेते ओस ठेवली, लाकूडफाटा विकून दिवस काढले. हक्काने कसता यावे म्हणून. जुनी गोष्ट वाटत असेल तर २१ सप्टेंबर २००८ घ्या. महामुंबई सेझला, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राला, जमीन देण्याबद्दल पेण तालुक्यातल्या २२ गावांत सार्वमत झाले, लोक रांगा लावून विरोधात मत द्यायला गेले. तो सेझ झाला नाही.

होमस्टेच्या भिंतीवर नांगर टांगून वारसा जपल्याचे समाधान मानणाऱ्यांशीही माझे जमत नाही. वारसा पाहायचा तर अलिबाग तालुक्यातल्या कार्ले-खंडाळ्याच्या शिवारात पाहा. भात निघाल्यावर तिथे पांढरा कांदा लागतो आणि त्याच्या माळा गिऱ्हाईक घासाघीस करत का होईना, पण शोधत येऊन नेते. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे शेती परवडू शकते. मात्र मानांकनाने शिवार विक्रीपासून वाचत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. पावसाळ्याआधी खांडी बुजवा, उघाड्यांची दारे बसवा. ज्या गावचा बांध फुटका आहे, तिथली एक गुंठाही जमीन नापीक म्हणून कोणत्याही प्रकल्पासाठी मोजू देऊ नका. हा ठराव ग्रामसभांनी येत्या बैठकीतच करावा.