उजव्या बाजूनं बोला

अंधेरीचा गोपाळ कृष्ण गोखले पूल 7 नोव्हेंबर 2022 रोजी वाहतुकीला बंद झाला आणि पूर्वेकडून पश्चिमेला जाणं म्हणजे काशीयात्रा होऊन बसली. वाहतूक पोलिसांनी पर्यायी रस्त्यांची यादी काढली. खार सबवे, मिलन सबवेवरचा पूल, अंधेरी सबवे आणि त्यातच एक नाव : कॅप्टन विनायक गोरे उड्डाणपूल, विलेपार्ले. पुढचं वर्ष-सव्वा वर्ष आम्ही उपनगरवासी त्या पुलावर उभे राहून घरी फोन करत होतो, ‘‘गोरे जाम आहे, उशीर होईल.’’ एकदा रिक्षावाल्यानं विचारलं, ‘‘साहब, ये गोरे कौन था?’’ मी खिडकीबाहेर बघत राहिलो. सैन्यात होते, एवढं पाटीवरच लिहिलं होतं. त्यापलीकडे मला सांगता येईना.

घरी येऊन शोधलं. कॅप्टन विनायक गोरे 1995 साली काश्मीरमध्ये कामी आले. त्यांच्या आई अनुराधा गोरे यांनी त्यानंतर सैनिकांवर पुस्तकं लिहिली. ‘वारस होऊ अभिमन्यूचे’ हे त्यातलं एक. म्हणजे उत्तर दोन स्टेशनं पलीकडे, मराठीत, छापील होतं. मी दिवाळी अंकाचा संपादक. वर्षाला शंभर-दीडशे कथा वाचतो. हे वाचलं नव्हतं.

मग ध्यानात आलं की सैनिक आपल्याला भेटतात ते बहुतेक रस्त्यातच. गणपतीला कोकणात निघालो की माणगावला गाड्या अडकतात. त्या माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक. इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात 10 जुलै 1944 रोजी मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या दिवशी त्यांनी काय केलं हे सन्मानपत्रात लिहिलेलं आहे. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, बंदुकीचा दस्ता वापरला, इथपर्यंत. पण ते लिहिणारा हात दुसऱ्याचा. माणगाव तालुक्यातला पोरगा इटलीत सकाळी काय खाऊन निघाला होता, कुणाशी काय बोलला होता, हे कुठल्याही कागदावर नाही.

पहिल्या महायुद्धाचं तर याहून वाईट. मेसोपोटेमियात कुतला 147 दिवस वेढा पडला होता. 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली. आत पुण्याची सहावी डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. शिधा संपत आला तेव्हा घोड्याचं मांस खायचं की नाही, यावर आपल्या माणसांच्या मनात काय घालमेल झाली असेल! ती आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांच्या लेखणीतून. आपल्याकडे उरल्या त्या गावोगावच्या दगडी पाट्या : या गावातून इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात दुसरा आकडा 46 आहे. दोन आकड्यांत एका गावाची हकिकत आटोपली.

मराठीत युद्धाची हकिकत लिहिणाऱ्यांत मानाचं पान मिळालं ते एका भिक्षुकाला. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. कर्ज फेडायला दक्षिणा मिळवावी म्हणून उत्तरेत गेले आणि 1858 मध्ये झाशीच्या वेढ्यात सापडले. राणीच्या दिनक्रमापासून कत्तलीनंतरच्या ओस गल्ल्यांपर्यंत डोळ्यांनी पाहिलं ते त्यांनी म्हातारपणी लिहून काढलं. चिंतामणराव वैद्यांनी ते भटजींच्या पश्चात, 1907 मध्ये ‘माझा प्रवास’ म्हणून छापलं. त्यानंतर दोनच वर्षांनी काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, म्हणजे आम्हा संपादकांची जात जन्माला आली. पण वैद्यांनी आमचं काम आधीच करून ठेवलं होतं. त्यांनी भटजींच्या मजकुरावर हात फिरवला होता. मूळ बखर जशीच्या तशी वाचायला मराठी वाचकाला 1966 पर्यंत, दत्तो वामन पोतदारांच्या आवृत्तीपर्यंत थांबावं लागलं.

पुढे वर्दीतली माणसंही लिहू लागली. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात 1945 च्या जानेवारीत ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत पलटण घेऊन लढले. पुढे पूर्व विभागाचे सेनापती असताना चीन कुठून आणि कसा येईल, याचा अंदाज त्यांनी वरच्यांना लेखी दिला होता. 1961 मध्ये ते निवृत्त झाले. 20 ऑक्टोबर 1962 ला हल्ला झाला, तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. थोरातांच्या आत्मकथनाचं नाव ‘माझी शिपाईगिरी’. जनरलनं स्वतःच्या आयुष्याला शिपाईगिरी म्हणावं, यातच त्यांचा स्वभाव आला. आणि बासष्टवर मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी जे पुस्तक लिहिलं त्याचं नाव ‘न सांगण्याजोगी गोष्ट’. विजयाच्या कथा मुलांना भेट द्याव्यात. ही मोठ्यांनी वाचावी.

पण हे सगळे अधिकारी. घाडग्यांच्या, अपशिंग्याच्या वाटेनं गेलेल्या जवानाची हकिकत कुठे सापडते? मला ती आमच्या सोसायटीच्या फाटकावर सापडली.

अंधेरी असो की मुलुंड, बोरिवली असो की घाटकोपर, फाटकावरच्या केबिनमध्ये एखादा निवृत्त हवालदार असतोच. आमचे हवालदार सातारा जिल्ह्यातले, तोफखान्यातले. कारगिलच्या वेळी द्रासला होते, हे आम्हाला आठ वर्षांनी कळलं, तेही मी या अंकासाठी विचारलं म्हणून. पहिलं वाक्य होतं, ‘‘साहेब, उजव्या बाजूनं बोला. डावा कान तोफेनं नेला.’’ आठ वर्षं मी गाडीची काच खाली करून त्यांच्या डाव्या कानाशी ‘गुड मॉर्निंग’ म्हणत होतो.

युद्धाचं विचारलं, तर म्हणाले, ‘‘काय सांगायचं त्यात? गोळा उचलायचा, द्यायचा. चाळीस किलोच्या वरचा. मोजायचं सोडून दिलं.’’ मग बराच वेळ शक्करपाऱ्यांवर बोलले. पोळीभाजी मिळायची नाही तेव्हा पुरी नाहीतर शक्करपारे. खिशात शक्करपारे, बूट काढले तर बुटाशेजारी शक्करपारे. ‘‘दिवाळीत सोसायटीतले डबे येतात. चिवडा, चकली, लाडू, समदं खातो. शंकरपाळे नातवासाठी गावाकडं लावून देतो.’’

त्यांचं बोलणं मी उतरवून काढलं आणि संपादकाच्या सवयीनं कात्री चालवली. शंकरपाळे कापले, कारण मध्येच रेंगाळत होते. तोफांचा भाग आखूड वाटला म्हणून ‘शत्रूवर आग ओकणाऱ्या तोफा’ असं एक वाक्य घातलं. छापण्याआधी पानं त्यांना दिली. नाव घालायचं नाही, ही त्यांची एकच अट होती, ती पाळली होती. दोन रात्रपाळ्या त्यांनी ती चष्मा लावून वाचली. तिसऱ्या सकाळी माझ्या वाक्यावर बोट ठेवलं.

‘‘हे काढा. तोफ आग ओकत न्हाई. तोफ मागं सरकती. मागं उभ्या असलेल्याला ध्यान ठेवावं लागतं.’’

मग पानं उलटून पाहिली आणि विचारलं, ‘‘शक्करपारे कुठं गेले?’’

शक्करपारे परत आले. माझं वाक्य गेलं. त्यांची हकिकत यंदाच्या अंकात जशी सांगितली तशी आहे. इतरही काही हकिकती आहेत, त्यांनाही आम्ही शुद्धलेखनापलीकडे हात लावलेला नाही. कुठे कंटाळवाणं वाटलं तर तो कंटाळा मूळचा आहे, असं समजावं.

या दिवाळीत फराळाचा डबा फाटकावर द्याल, तेव्हा पाच मिनिटं थांबा. आणि आधी विचारून घ्या, कुठल्या बाजूला उभं राहायचं ते.

शुभ दीपावली.

— संपादक