साक्षीला उभी राहिलेली माणसे

२५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हे सोळा दिवस स्त्रियांवरील हिंसाचाराविरोधात जगभर पाळले जातात. २५ तारीख मिराबाल भगिनींची. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये १९६० साली हुकूमशहा त्रुहियोच्या माणसांनी या तिघींना ठार मारले. मागे राहिली ती चौथी बहीण देदे. तिने बहिणींची लेकरे वाढवली आणि २०१४ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्यांची गोष्ट सांगितली.

असा मागे राहिलेला माणूस नागपूर जिल्ह्यातल्या आम्हा पारशिवनीकरांना शेजारच्याच भंडारा जिल्ह्यात सापडतो. मोहाडी तालुक्यातील खैरलांजीचे भैयालाल भोतमांगे. २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी त्यांची पत्नी सुरेखा, मुलगी प्रियंका आणि सुधीर, रोशन ही मुले जमावाने मारली. मृतदेह कालव्यात टाकले. भैयालाल तेवढे वाचले.

खैरलांजी म्हटले की जात आणि जमीन आठवते, आणि ते खरेच आहे. एका दलित कुटुंबाने स्वतःची शेती राखणे, मुलांना शिकवणे आणि घरातल्या बाईने कुणापुढे मान न झुकवणे गावाला खुपत होते. पण त्या दिवसाचे निमित्त वेगळे होते. शेजारच्या धुसाळ्याचे पोलीस पाटील सिद्धार्थ गजभिये यांना सप्टेंबरच्या सुरुवातीला मारहाण झाली होती. ती कुणी केली हे सुरेखा आणि प्रियंका यांनी पोलिसांना सांगितले. आरोपी जामिनावर सुटले, त्याच दिवशी या मायलेकींच्या दारात जमाव आला. पोलिसांत जबाब दिलेल्या दोन बायका, आणि आरोपी सुटत असताना त्यांच्या दारात एक शिपाईही नव्हता. आम्हाला ही गोष्ट आजही सर्वांत जास्त छळते.

पुढची साक्ष भैयालाल यांनी दिली. भंडाऱ्यात सरकारी वसतिगृहात शिपायाची नोकरी, आणि बाकी सगळे आयुष्य तारखांचे. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणाऱ्या ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम दोन्ही न्यायालयांत टिकले नाही. जातीमुळे माझी माणसे गेली, हे भैयालाल सांगत राहिले. २० जानेवारी २०१७ रोजी नागपुरात हृदयविकाराने ते गेले, तेव्हाही सर्वोच्च न्यायालयातून त्यांना हवा तो शब्द आलेला नव्हता. नोव्हेंबर २००६ मध्ये विदर्भातल्या बाया रस्त्यावर उतरल्या नसत्या, तर खटला इथवरही आला नसता. त्या मोर्च्यांचे ऋण मोठे आहे. पण मोर्चा पांगल्यावर कोर्टाच्या पायरीवर माणूस एकटाच उरतो. आपण त्याला लढवय्या म्हणतो, हार घालतो. त्याला इतके का लढावे लागले, हा प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही.

कायदा आता पूर्वीसारखा कोरा नाही. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आले. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. तिच्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती असते. तिच्याकडे अर्ज करायचा, मग उपविभागाच्या पोलीस अधिकाऱ्याने धोक्याचा अहवाल द्यायचा. घराभोवती गस्त, कोर्टात ने-आण, गरज पडल्यास राहण्याची दुसरी जागा, हे सारे त्यात आहे.

पण पेंचच्या कालव्यालगतच्या गावात शेजारणीच्या मुलीवरील अत्याचाराची साक्ष द्यायला निघालेल्या बाईला हे कुणी सांगितले आहे? सत्र न्यायालय नागपुरात. एका तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे वेगळे, आणि परतल्यावर आरोपीच्या घरावरूनच पाणी भरायला जायचे. ती फिरली की आपण म्हणतो, साक्षीदार फुटला.

या सोळा दिवसांत तालुक्यात फलक लागतील, शपथा होतील. त्यांच्यासोबत एवढे करा. साक्षीदार संरक्षणाच्या अर्जाचा नमुना मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा, पोलीस पाटील आणि आशाताईंच्या हाती द्या, बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवा. आणि गावातली एखादी बाई आधीच जबाब देऊन आली असेल, तर पुढच्या तारखेला तिच्यासोबत नागपूरला कोण जाणार, हे आजच ठरवा.