गाडी अडली, तर बिल अडवा

मोबिलिटी स्कूटर घेणाऱ्याच्या हातात दुकानदार तीन गोष्टी ठेवतो : किल्ली, चार्जर आणि एक पुस्तिका. पहिल्या दोन जपल्या जातात, तिसरी रद्दीत जाते. ती एकदा नीट वाचावी. वाचली की लक्षात येतं, निम्म्या सूचना गाडीच्या मालकाला आहेत आणि उरलेल्या निम्म्या खरं तर पुणे महापालिकेला आहेत. मालकाने आपला भाग पाळलाच पाहिजे, तिथे सबब नको. पण पालिकेचा भागही मालकाच्याच माथी मारला जातो, आणि स्वारगेटला तर तो रोज मारला जातो.

ही गाडी म्हणजे पेट्रोलच्या स्कूटरला बाजूची दोन चाकं लावलेली गाडी नव्हे. तीन किंवा चार चाकं, फिरणारी खुर्ची, समोर हँडलचा दांडा, बुडाशी बॅटऱ्या. गुडघे गेलेल्यांसाठी, अर्धांगातून उठलेल्यांसाठी, चार पावलांनंतर दम लागणाऱ्यांसाठी. वेग चालणाऱ्या माणसाइतका किंवा थोडा जास्त. जपानमध्ये ताशी 6 किलोमीटरच्या आत चालणारी अशी गाडी वापरणाऱ्याला कायदा पादचारीच मानतो. ब्रिटनमध्ये फुटपाथवर ताशी 4 मैलांची मर्यादा आहे. मोठ्या गाडीला रस्त्यावर 8 मैलांपर्यंत जाता येतं, आणि परवाना लागत नाही. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटरची ताकद 0.25 किलोवॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर बॅटरीवरची गाडी मोटार वाहन धरली जात नाही. मात्र ते मान्यताप्राप्त संस्थेने तपासलेलं असावं लागतं. अशी एक संस्था, एआरएआय, पुण्यातच आहे. तेव्हा गाडी घेताना रंगाआधी हा कागद मागा.

आता मालकाचा भाग. चाळीस वर्षं दुचाकी चालवलेल्या पुणेकराचा पहिला धोका त्याच्या हाताच्या सवयीत असतो. दुचाकीवर बोटांनी लिव्हर दाबली की ब्रेक लागतो. इथे लिव्हर दाबली की गाडी पुढे जाते आणि सोडली की थांबते. समोर अचानक कुणी आलं की घाबरलेला हात घट्ट आवळतो, म्हणजे नको त्या क्षणी गाडी जोर धरते. म्हणून पहिले काही दिवस सोसायटीच्या आवारात फक्त ‘हात सोडा, थांबा’ एवढाच सराव करावा. वेगाच्या बटणावर बऱ्याच गाड्यांत एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा असतो. गर्दीत, वळणावर, उतारावर कासव. गोष्टीतही तेच जिंकलं होतं.

दुसरी गोष्ट ब्रेकची. मोटरला विजेवर चालणारा ब्रेक असतो. वीज मिळाली की तो सुटतो, तुटली की लागतो. त्यामुळे बॅटरी संपली की गाडी जागच्या जागी खिळते. अशा वेळी मदतीला धावणारे ढकलायला लागतात, चाकं हलत नाहीत, मग कुणीतरी मागची फ्रीव्हीलची कळ ओढतं. त्या कळीने ब्रेक पूर्ण सुटतो. सपाटीवर ठीक; उतारावर माणसासकट गाडी खाली धावेल. ही कळ कुठे आहे आणि उतारावर तिला का हात लावायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. खुर्चीवर बसता-उतरताना किल्ली काढायची, हेही. नाहीतर आधारासाठी हँडल धरताना लिव्हर दाबली जाते.

तिसरी गोष्ट बॅटरी. लेड-अ‍ॅसिड असेल, तर साधारणपणे 12 व्होल्टच्या दोन जोडून 24 व्होल्ट होतात. वापरलं त्या दिवशी रात्री चार्ज करायचं. रिकामी ठेवली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट साचून ती मरते. दिवाळीला मुलाकडे महिनाभर गेलात, तर जाण्याआधी पूर्ण चार्ज करून जा. लिथियम असेल, तर चार्जर कंपनीने सांगितलेलाच वापरा. तपकीर गल्लीत पिन बसणारा चार्जर सहज मिळेल, पण पिन बसणं वेगळं आणि व्होल्टेज, अँपिअर व बॅटरीचा प्रकार जुळणं वेगळं. चार्जिंग जिन्याखाली किंवा दाराच्या तोंडाशी नको. मार्च 2022 मध्ये लोहगावला रस्त्याकडेला उभी इलेक्ट्रिक दुचाकी पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. तसं जिन्याच्या तोंडाशी झालं, तर ज्याला पायऱ्या उतरता येत नाहीत तो जाणार कुठून?

मार्केट यार्डातली भाजी पाठीमागे टांगू नका, पुढच्या टोपलीत ठेवा. मागचं वजन चढावर गाडी उलटवतं. टायरची हवा, सैल झालेले स्क्रू, हँडलचा खडखडाट आठवड्यातून एकदा बघा. एवढं केलं की मालक उत्तीर्ण.

आता पुस्तिकेचा दुसरा भाग. लहान गाड्यांच्या पुस्तिका साधारण असं सांगतात : पाच सेंटिमीटरच्या आसपास उंचीचीच कड चढा, तीही सरळ समोरून; एका बाजूला कललेल्या जागेवर गाडी, विशेषतः तीन चाकांची, वळवू नका; साठलेल्या पाण्यात नेऊ नका, मोटर खालीच असते. हे सगळं पाळून मुकुंदनगरहून सारसबागेच्या गणपतीला जाऊन दाखवा. मध्ये स्वारगेटचा जेधे चौक आहे. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकांप्रमाणे फुटपाथची कड जास्तीत जास्त 15 सेंटिमीटर असावी आणि चालायची मोकळी जागा किमान 1.8 मीटर. पंधरा सेंटिमीटर हीच या गाडीसाठी भिंत आहे, म्हणून प्रत्येक टोकाला 1:12 चा उतार हवा. फुटपाथ सलग असला तर ना! मध्येच बंगल्याच्या गेटसाठी तिरका कापलेला, पुढे चेंबरचं वर आलेलं झाकण, पुढे लावलेल्या दुचाक्या. मग गाडी रस्त्यावर उतरते आणि एसटी, पीएमपी, रिक्षांच्या मध्ये ताशी सहा किलोमीटरने चालते. मुकुंदनगरच्या माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका म्हणतात, ‘‘माझ्या गाडीला ब्रेक आहे हो, पण उलट्या दिशेने येणाऱ्याला आहे का?’’

फुटपाथवर दुचाक्या चढू नयेत म्हणून खांब रोवतात. पण दोन खांबांमधून ही गाडी जाईल एवढी फट ठेवली, तर त्यातून दुचाकीही निसटते. खांबाला माणूस ओळखता येत नाही, पोलिसाला येतो. कारवाईचा कंटाळा खांब रोवून भरून काढायचा आणि त्याची शिक्षा गुडघ्यांना, हा न्याय नाही.

पैसे नाहीत किंवा नियम नाहीत, असं म्हणायची सोय नाही. 29 सप्टेंबर 2024 पासून स्वारगेटला जमिनीखाली मेट्रो आली, लिफ्ट आहेत. 2006 साली बीआरटीचा पहिला प्रयोग इथल्याच सातारा रस्त्यावर झाला. पालिकेचं पादचारी धोरण 2016 पासून कागदावर आहे. त्याच वर्षी दिव्यांग हक्क कायदा झाला, आणि 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक करा, असं सांगितलं. लिफ्टपर्यंत पोहोचणारी शेवटची शंभर पावलं मात्र अजून ज्याची त्याची आहेत.

‘अशा गाड्या आहेतच किती?’ हा नेहमीचा प्रश्न. स्वारगेटच्या एसटी स्थानकावर उतरणाऱ्यांच्या बॅगा बघा. साताऱ्याहून, कोल्हापूरहून, सांगलीहून आलेला प्रत्येक जण चाकांची बॅग ओढत असतो, आणि फुटपाथची कड आली की उचलतो. बाबागाडी ढकलणारी आई तेच करते. त्यांना उचलता येतं, म्हणून तक्रार होत नाही, इतकंच.

तेव्हा महापालिकेकडे मागणी एकच, आणि नवं धोरण मुळीच नको. फुटपाथच्या कामाचं बिल मंजूर करण्याआधी एक मोबिलिटी स्कूटर, रोज वापरणाऱ्या माणसासह, कनिष्ठ अभियंत्याच्या समोर त्या फुटपाथवर या टोकाकडून त्या टोकाला न्यायची. रस्त्यावर उतरावं लागलं, कुणाला उचलावं लागलं, तर ते काम अपुरं. पहिली चाचणी जेधे चौकापासून. गाडी अडली, की बिल अडलं.

— पादचारी