जागल्याला पाटीलकी देऊ नका

झालं असं की धुळ्याच्या माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर टाकलं. माल आमच्या जळगावकडचा, रावेर-यावलचा. इथिलीन द्यायचं, १६ ते १८ अंशांत ठेवायचं, चार-पाच दिवसांत केळी पिवळी. गोम अशी की पिकायला लागलेलं केळं स्वतःच उष्णता सोडतं. कूलिंग बंद पडलं की बंद खोलीत तापमान आपोआप चढत जातं.

घराण्यात 'कॉम्प्युटरवाला' मी एकटा. म्हणून चेंबरमध्ये एक छोटा बोर्ड बसवला. तो दर ५ मिनिटांनी एका मॉनिटरिंग सेवेला 'मी जिवंत आहे' एवढंच कळवतो. दोन निरोप चुकले की दादाचा फोन वाजतो. वेबसाईटवर नजर ठेवायची जी पद्धत आपण ऑफिसात वापरतो, तीच इथे.

आता खान्देशातला उन्हाळा आणि लाईट! रात्री लाईट जायची, राऊटर बंद, की फोनची बोंब. दादा उठेपर्यंत लाईट परत. आठवड्यात तीनदा असं झाल्यावर वहिनींनी सरळ सांगितलं, "भाऊजी, ते यंत्र काढून न्या."

मग मला सुचली हुशारी. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी खुला केला. एआय असिस्टंटला बाहेरच्या सेवा वापरता याव्यात म्हणून केलेला हा प्रोटोकॉल. आता कितीतरी मॉनिटरिंग सेवांना तो जोडता येतो. मीही जोडला. अलार्म आधी असिस्टंटकडे, मग गरज वाटली तर दादाकडे. सूचना दिली: "नुसती लाईट गेली असेल तर दादाला उठवू नकोस." आणि एपीआय की दिली ती पूर्ण अधिकारांची. फक्त वाचायची वेगळी की काढायचा कंटाळा, दुसरं काय!

मे महिन्यातली एक रात्र. १:४० ला निरोप थांबले. असिस्टंटने जुन्या नोंदी पाहिल्या, ही वेळ नेहमीची लाईट जायचीच आहे असं ठरवलं, आणि मॉनिटर सकाळपर्यंत पॉज केला. वर सुंदर मराठीत सारांशही लिहून ठेवला. लाईट अर्ध्या तासात आली, पण कॉम्प्रेसरचा ब्रेकर पडलेला होता आणि राऊटरही उठला नव्हता. दादा सकाळी ७ ला पोचला तेव्हा आत २६ अंश. अख्ख्या चेंबरचा माल मिळेल त्या भावाने काढावा लागला.

सगळ्यात लागलं ते पुढे. त्या महिन्याच्या रिपोर्टात अपटाईम जवळजवळ शंभर टक्के! कारण पॉज केलेला वेळ हिशेबात धरलाच जात नव्हता. वर्षभर ९९.९ टक्के म्हणजे एकूण पावणेनऊ तासच बंद पडायची मुभा. त्यातली निम्म्याहून जास्त आम्ही एका रात्रीत संपवली आणि कागदावर काहीच नाही.

दोष असिस्टंटचा नाही, माझा. त्याने सांगितलेलंच केलं. जुलै २०२५ मध्ये रेप्लिटच्या एआय एजंटने तर 'काही बदलू नकोस' असं बजावलेलं असताना एका अमेरिकन उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला. वर आता तो परत आणता येणार नाही असंही सांगितलं. प्रत्यक्षात तो परत आला! म्हणजे ज्याने घोळ केला त्याचाच अहवाल प्रमाण धरायचा, ही खरी पंचाईत.

पूर्वी गावात जागल्या असायचा. रात्रभर जागायचं आणि काही दिसलं की हाक मारायची, हे त्याचं काम. पुढे काय करायचं ते पाटील ठरवायचा. जागल्याच ठरवू लागला की 'आज कुत्रीच भुंकतायत, गावाला झोपू दे', तर चोरांची दिवाळीच.

माझं मत सरळ आहे. असिस्टंट जरूर जोडा, पण फक्त वाचायची की देऊन. पॉज करणं, डिलीट करणं, अलार्म गप्प करणं माणसाच्या हातात ठेवा. आणि फोन वाजवणारी वाट असिस्टंटला वळसा घालून थेट जाऊ द्या. ती वाट मठ्ठच बरी.

तो निरुपयोगी आहे असं मात्र नाही हं. नंतर मी त्याला तीन महिन्यांच्या नोंदी वाचायला दिल्या. त्याने दोन मिनिटांत दाखवलं की बहुतेक खोटे अलार्म अर्ध्या तासाच्या आतले होते. म्हणजे दुखणं राऊटरला बॅटरी नसल्याचं! छोटा यूपीएस बसवला आणि बोंब जवळपास थांबली. हे मी आधी विचारलं असतं तर चेंबरभर केळी वाचली असती.

असो. आता फोन वाजला की दादा उठतो, बघतो आणि मग मला उठवतो. "मी जागा, तर तूही जागा," म्हणतो. बरोबरच आहे त्याचं.