उत्पन्नाची पाहणी आणि आकड्यांची शुचिता

कुटुंबाचे उत्पन्न किती, हा प्रश्न विचारण्यास सोपा. त्याचे खरे उत्तर मिळणे मात्र महाकठीण. शेतकऱ्याच्या घरी जमाखर्चाची वही क्वचितच असते. दुकानदाराला करआकारणीची धास्ती वाटते, तर मजुराला शिधापत्रिका रद्द होण्याची. म्हणूनच १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने प्रामुख्याने खर्चाचीच विचारपूस केली. दांडेकर व रथ यांचे १९७१ मधील दारिद्र्यविषयक विवेचनही त्याच आकड्यांवर उभे होते. आता खुद्द उत्पन्नाचीच देशव्यापी पाहणी २०२६ मध्ये करण्याचे केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. तेव्हा तिच्यातील चुका कशा हुडकावयाच्या, हा प्रश्न केवळ संख्याशास्त्रज्ञांचा राहत नाही.

काही चुका जास्तीच्या असतात, काही कमीच्या. सरासरीत त्या बहुतांशी एकमेकींना खोडून काढतात. परंतु बहुतेकांनी उत्पन्न कमीच सांगितले, तर घरांची संख्या दुप्पट करूनही ती चूक तसूभर घटत नाही. महालनोबीस यांनी एकाच प्रदेशातील दोन स्वतंत्र उपनमुने दोन निरनिराळ्या पथकांकडे सोपविण्याची रीत घातली. तिने पथकांचा हलगर्जीपणा उघडा पडतो. उत्तर देणाऱ्यांचा संकोच मात्र तसाच झाकलेला राहतो.

१९९९-२००० च्या पाहणीत अन्नखर्च मागील ३० दिवसांचा आणि ७ दिवसांचा, असा दोन्ही प्रकारे एकाच घरी विचारला गेला. एका उत्तराची छाया दुसऱ्यावर पडली, असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला. सरकारी हिशेबाने १९९३-९४ मधील ३६ टक्के दारिद्र्य २६ टक्क्यांवर आले होते. ज्या वस्तूंविषयीचा प्रश्न बदललेला नव्हता, त्यांच्या खर्चाचा आधार घेऊन अँगस डीटन यांनी हा हिशेब दुरुस्त केला. घट बरीचशी खरी, परंतु सरकार सांगते तेवढी नव्हे, असे त्यातून दिसले.

घराघरांची माहिती अभ्यासकांच्या हाती होती, म्हणूनच हे शक्य झाले. उलट २०१७-१८ च्या खर्च-पाहणीचे निष्कर्ष गुणवत्तेचे कारण देऊन सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये रोखून धरले. दोष असलाच तर तो कोठे, हे पडताळण्याची वाटच त्यामुळे बंद झाली.

दुरुस्तीतही धोका आहेच. अवाढव्य दिसणारा आकडा एखादे शून्य जादा पडल्याने आलेला असेल. किंवा ते घर खरोखरच धनाढ्य असेल. असे आकडे सरसकट खोडले, तर विषमता केवळ कागदावरून नाहीशी होईल. यास्तव मूळ उत्तर राखून, दुरुस्ती आणि तिचे कारण शेजारी नोंदविले पाहिजे. आणि नावगाव वगळून ती सर्व सामग्री अभ्यासकांना खुली केली पाहिजे. ज्यांच्या घासाचा आणि शिक्षणाचा विचार या आकड्यांवरून व्हावयाचा, त्यांचा एवढा हक्क निश्चितच आहे.