वर्गाच्या फडताळातील कविता

प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, नियतकालिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलेले आहे. आणि समग्र शिक्षा योजनेच्या आराखड्यात त्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाकाठी ५,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूदही आहे. परंतु त्या रकमेतून कोणते पुस्तक घ्यावे आणि कोणते घेऊ नये, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेतला नव्हे. तो रसिकतेचा आणि जबाबदारीचा आहे. गोष्टी, चरित्रे आणि विज्ञानाची पुस्तके यांची यादी झाल्यावर जे थोडे पैसे उरतात त्यांत कवितेची बोळवण करण्याचा शिरस्ता पुष्कळ ठिकाणी पडलेला आहे, आणि ‘कविता पाठ्यपुस्तकात आहेतच’ एवढे कारण त्यासाठी पुरेसे मानले जाते. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकाचे हे पहिले पान आम्ही पहिली ते चौथीच्या वर्गग्रंथालयातील कवितेला देत आहोत.

मराठीत या निवडीला सामग्रीची वाण नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी फुलांशी आणि मुलांशी जोडलेले नाते, चोवीस वर्षेही पुरी न भरलेल्या आयुष्यात कवी दत्तांनी मुलांसाठी लिहिलेली गीते, वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली सुरू केलेल्या ‘आनंद’ मासिकाने घडविलेली अभिरुची, ग. ह. पाटील, शांता शेळके आणि मंगेश पाडगावकर यांची गेय रचना, हा सारा आपला वारसा आहे. विंदा करंदीकरांचे उदाहरण तर प्रत्येक ग्रंथखरेदी समितीने ध्यानात ठेवावे असे आहे. १९६१ साली ‘राणीची बाग’ आणि ‘एकदा काय झाले’ ही त्यांची मुलांसाठीची पुस्तके आली, तेव्हा ‘स्वेदगंगा’, ‘मृद्गंध’ आणि ‘धृपद’ या संग्रहांनी त्यांचे कवी म्हणून स्थान निश्चित झालेले होते. आणि ज्या १९८१ साली त्यांनी ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवाचे अर्वाचीनीकरण प्रसिद्ध केले, त्याच साली ‘पिशी मावशी आणि तिची भुतावळ’ हेही प्रसिद्ध झाले. अमृतानुभवाशी झुंजणारी प्रतिभा ज्या कामाला कमी लेखत नव्हती, त्या कामाचे मोल खरेदीच्या यादीत शेवटी लावणे आपल्याला शोभत नाही.

मग निवड करावी कशी? पहिली गोष्ट अशी: कवितेचे पुस्तक विकत घेणाऱ्याने ते आधी मोठ्याने वाचले पाहिजे. सहा-सात वर्षांच्या मुलाला कविता प्रथम कानाने भेटते, मग टाळी वाजविणाऱ्या हातांना, आणि सर्वांत शेवटी डोळ्यांना. माधवराव पटवर्धनांनी १९३७ च्या ‘छंदोरचने’त आठ मात्रांच्या ज्या पद्मावर्तनाचा विचार केला आहे, ते आवर्तन मूल कोणतेही शास्त्र न शिकता पायांच्या ठेक्यात पकडते. म्हणूनच जेथे कवीने मात्रा भरण्यासाठी ऱ्हस्वाचे दीर्घ केले आहे, यमकाच्या हट्टापायी निरर्थक शब्द ओढून आणला आहे, किंवा यती शब्दाच्या ऐन मध्यावर पडू दिली आहे, तेथे मूल अचूक अडखळते. आणि दुर्दैव असे की, दोष कवितेचा असता मुलाचे वाचन कच्चे आहे असा शेरा आपण देऊन बसतो. पुस्तक हाती घ्यावे, मधूनच कोणतेही पान उघडावे, त्यावरील कविता सलग तीन वेळा स्पष्ट आवाजात म्हणावी. तिसऱ्या वेळी म्हणावयास पहिल्याहून अधिक सुख वाटले तर ते पुस्तक वर्गासाठी राखून ठेवावे. आणि तिसऱ्या वेळी ती नकोशी झाली तर, मुखपृष्ठ कितीही रंगीत असो आणि सवलत कितीही मोठी असो, ते परत करावे. मुक्तछंदालाही हीच कसोटी लागू आहे. कारण तेथे मात्रांचा हिशेब नसला तरी बोलण्याची लय असावीच लागते, आणि ती आहे की नाही याचा निवाडाही कानच देतो.

दुसरी गोष्ट बोधाची. मुलांच्या कवितेने काहीतरी शिकविले पाहिजे, या समजुतीपायी शेवटच्या कडव्यात स्वच्छतेचा, आज्ञाधारकपणाचा किंवा वृक्षारोपणाचा उपदेश जोडलेली पद्ये शेकड्यांनी छापली जातात, आणि खरेदी करणाऱ्यास ती निर्धोक वाटतात म्हणून त्यांचे गठ्ठे शाळांत येऊन पडतात. स्वच्छता आणि वृक्ष यांच्याविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे; परंतु उपदेश करून कवितेतून सद्गुण उगवत नाहीत. टिळकांच्या ‘केवढे हे क्रौर्य!’ या कवितेत मरणोन्मुख पक्षिणी आपल्या पिलांसाठी शेवटचा घास घेऊन येते. ‘प्राण्यांवर दया करा’ हे नीतिवचन शंभर वेळा फळ्यावर लिहून जे घडत नाही, ते ती कविता एकदा नीट ऐकल्याने घडते. त्याच न्यायाने निखळ गमतीच्या, तर्काला धाब्यावर बसविणाऱ्या, भुताखेतांच्या कवितांनाही निःसंकोचपणे जागा द्यावी. भाषा आपल्याशी खेळू देते हा अनुभव ज्या मुलाला आला, ते मूल पुढे भाषेला भीत नाही. दुःखाच्या कविताही वगळू नयेत. मरण, गरिबी, ताटातूट यांतले काहीच मुलांना ठाऊक नसते, अशी वडीलधाऱ्यांची समजूत असते. प्रत्यक्षात त्यांना ते ठाऊक असते, फक्त त्यासाठी शब्द हवे असतात.

तिसरा विचार भाषेचा, आणि तो आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. खानदेशातील मूल अहिराणी ऐकत वाढते, सिंधुदुर्गातील मालवणी, पालघरच्या पाड्यावरील वारली, मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी; आणि वर्गाच्या फडताळात मात्र केवळ शहरी घरातील प्रमाण मराठी त्याची वाट पाहत असते. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींच्या मुखातली गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा शेताच्या बांधावरील बोली ही श्रेष्ठ कवितेची भाषा असू शकते हे साऱ्या महाराष्ट्राने मान्य केले. तोच न्याय आपण मुलांच्या पुस्तकांना का लावू नये? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीस आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचे जे कार्य केले, त्याचे मर्म मुलाच्या स्वतःच्या परिसरापासून प्रारंभ करण्यात होते. प्रत्येक बोलीत छापील बालकवितासंग्रह मिळणार नाहीत, हे खरे. म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक वर्गाने एक वही करावी. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची किंवा हादग्याची गाणी, अंगाई, खेळताना म्हणावयाची बडबडगीते मुलांनी घरून ऐकून यावीत, शिक्षकांनी ती जशीच्या तशी उतरवून घ्यावीत, शेजारी मुलांनीच चित्रे काढावीत, आणि ती वही रीतसर दाखल क्रमांक देऊन विकतच्या पुस्तकांच्या रांगेत ठेवावी. घरची भाषा पुस्तकांच्या रांगेत बसलेली ज्या मुलाने पाहिली, त्याला त्या रांगेतील बाकीची पुस्तकेही परकी वाटत नाहीत.

पुस्तकाच्या अंगलटीविषयी थोडक्यात सांगता येईल. टंक मोठा आणि जोडाक्षरे सुटसुटीत असावीत. एका पानावर शक्यतो एकच कविता असावी. जागा वाचविण्यासाठी ओळी मोडून गद्यासारख्या मांडलेल्या नसाव्यात. चित्राने कवितेची सारी कल्पना आधीच उघड करून टाकू नये. बांधणी शिलाईची असावी. आणि प्रत्येक कवितेखाली कवीचे व पुस्तकात चित्रकाराचे नाव असावे. दहा पुस्तकांची एकेक प्रत घेण्यापेक्षा पाच चांगल्या पुस्तकांच्या दोन-दोन प्रती घ्याव्यात, कारण कविता दोघांनी मिळून म्हणण्यात आनंद आहे.

राहिला प्रश्न अंमलबजावणीचा. वरिष्ठ कचेरीतून आलेल्या यादीवर सह्या करून पुस्तकांची मागणी नोंदविणे सोपे असते. परंतु ज्या शिक्षिकेला ते पुस्तक वर्गात वाचून दाखवावयाचे आहे, तिच्या मताला या कामी अग्रमान मिळाला पाहिजे, आणि शाळा व्यवस्थापन समितीने त्या मताच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. तसेच, पुस्तक हरवले किंवा फाटले तर भरपाई आपल्याकडून घेतली जाईल या धास्तीने पुस्तके कुलपात ठेवली जातात. वाचून झिजलेल्या पुस्तकाच्या निर्लेखनाची तजवीज सुलभ करून ही धास्ती काढून टाकणे हे शिक्षणखात्याचे कर्तव्य आहे. ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ हे ग्रंथालयशास्त्राचे पहिले सूत्र डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली सांगितले. त्याची रुजुवात आपल्या शाळांच्या फडताळांत अजून व्हावयाची आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या मुलखातून ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडतात, आणि त्यांच्यासोबत शाळेतली मुलेही जातात. त्यांना शाळेतच राहता यावे, यासाठी झटणे हे पहिले कर्तव्य. परंतु जे मूल जातेच, त्याच्या दप्तरात शाळेने एक कवितेचे पुस्तक घालून द्यावे, आणि ते जाण्यापूर्वी त्यातल्या चार-दोन कविता त्याला मुखोद्गत झालेल्या असाव्यात. पुस्तक कदाचित परत येणार नाही, आणि त्याबद्दल कोणीही खुलासा मागू नये. कोप्यांच्या वस्तीवर ते मूल आपल्या धाकट्या भावंडाला कविता म्हणून दाखवील, तर शासनाच्या रुपयाचा याहून चोख विनियोग आमच्या कल्पनेत नाही.

वाचकांकडे आमचे मागणे एकच आहे. या सुटीत मुलांसाठीचे एखादे कवितेचे पुस्तक विकत घ्यावे, घरातल्या लहानथोरांपुढे ते मोठ्याने वाचावे, आणि ते कानाला पसंत पडले तर त्याच्या दोन प्रती आपल्या गावच्या प्राथमिक शाळेला द्याव्यात; देताना मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन त्यातली एक कविता वर्गापुढे स्वतः वाचून दाखवावी.